सिस्टर, मोजलंत का?

गेल्या महिन्यात आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. काळजीचं काही नाही, घरी आलेत, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरही सुरू झाली आहे. फोनवर सगळ्यांना तेच तेच सांगून दमले, म्हणून इथे एकदाच लिहिते. पण आज लिहायचंय ते ह्यांच्या हर्नियाबद्दल नाही.

झालं असं, की ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक सिस्टर आल्या. नाव काय? वय काय? कुठल्या बाजूचं ऑपरेशन? कुठल्या औषधाची ॲलर्जी? कवळी आहे का? बीपीची गोळी कधी घेतली? सगळं लिहून घेतलं. सकाळी ड्यूटी बदलली आणि दुसऱ्या सिस्टरांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. उजव्या बाजूला मार्करने खूण झाली. थिएटरच्या दारात तिसऱ्या सिस्टर उभ्या. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." आता मात्र ह्यांच्यातला बँकेचा साहेब जागा झाला. "अहो, केसपेपरवर लिहिलंय की सगळं! किती वेळा सांगायचं?" ती पोरगी हसून म्हणाली, "कागदावर आहेच काका. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं, आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मला आत्या आठवली.

आमची आत्या नर्स होती. तीसेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं तिनं. घरातल्या नव्या पिढीला हे बहुधा ठाऊकच नसेल, कारण आमच्याकडे ते फारसं कुणी बोलत नसे. का, ते पुढे सांगते. इतिहासाची शिक्षिका आहे, त्यामुळे आधी थोडं मागे जाणं भाग आहे!

ऑपरेशनच्या इतिहासात आपण सर्जनची नावं पाठ करतो. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टनने इथर हुंगवून रोग्याला भूल दिली. त्याआधी रोग्याला चार माणसं दाबून धरत आणि ज्याचा हात झपझप चाले तो सर्जन मोठा. भूल आली, पण माणसं मरायची थांबली नाहीत. ऑपरेशन उत्तम होई आणि जखम चिघळून रोगी जाई. १८६५ पासून लिस्टरने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा स्वच्छ राखायला सुरुवात केली आणि चित्र बदलू लागलं. इथपर्यंत पुस्तकात असतं.

पण चाकू चालतो तो तासभर. त्याआधीची रात्र आणि नंतरचे दिवस कुणाचे?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला 'दिवेवाली बाई' म्हणूनच शिकवली जाते. मीही वर्षानुवर्षं तशीच शिकवली, त्याचं आता वाईट वाटतं. कारण तिचं खरं हत्यार दिवा नव्हतं, हिशेब होतं. क्रिमियाच्या युद्धात किती सैनिक जखमांनी मेले आणि किती इस्पितळातल्या घाणीनं, हे तिनं मोजलं, त्याच्या आकृत्या काढल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्राच्या संस्थेनं तिला सभासद करून घेतलं, असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. ऑपरेशननंतर रोगी जरा सावरेपर्यंत त्याला ठेवायची थिएटरलगतची छोटी खोली, हेही तिनं १८६३ च्या पुस्तकात नोंदवलंय. आजची आपली 'रिकव्हरी रूम' ती हीच.

दुसरी बाई कॅरोलाइन हॅम्प्टन. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ मध्ये ती थिएटरची मुख्य नर्स होती. जंतू मारण्यासाठी पाऱ्याच्या जहाल औषधात हात बुडवून बुडवून तिच्या हातांची कातडी सोलवटली. नोकरी सोडायची वेळ आली. मग तिथले सर्जन हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. (पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं, हे सांगितल्यावर आमच्या वर्गातल्या मुली नेहमी खुदकन हसत.) म्हणजे हातमोजे आले ते रोग्याला वाचवायला नव्हे, नर्सचे हात वाचवायला! त्यानं रोगीही वाचतात हे ध्यानात यायला आणखी काही वर्षं गेली. १८९९ मध्ये हॉलस्टेडच्याच एका सहकाऱ्यानं साडेचारशेवर ऑपरेशनांचा हिशेब मांडला. हातमोजे घातल्यावर जखम चिघळण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्याही खाली आलं होतं. आणि ही ऑपरेशनं कसली? हर्नियाची! ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग आभार मानायला हवेत त्या बाईंचे."

तिसरी ॲलिस मॅगॉ. अमेरिकेतल्या मेयो बंधूंच्या रुग्णालयात ती भूल देई, आणि तीही नर्सच. १९०६ मध्ये तिनं चौदा हजारांवर रोग्यांना दिलेल्या भुलीचा आढावा छापला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. तिची रीत काय, तर इथर थेंब थेंब द्यायचं आणि रोग्याशी शांतपणे बोलत राहायचं. घाबरलेल्या माणसाला भूल जास्त लागते, हे तिला कळलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. विधवा आणि गरजू बायकांना शिकवून पायावर उभं करायचं, हा हेतू. थोड्याच काळात तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्या काळी केवढं धाडस हे! चांगल्या घरच्या बाईनं परक्या पुरुषाला हात लावायचा, कुणाचंही रक्त, मलमूत्र काढायचं... लोकांनी नावं ठेवलीच.

चाळीस वर्षांनीही लोक फारसे बदलले नव्हते. आत्या सतराव्या वर्षी विधवा झाली. सासरच्यांनी परत पाठवली. आजोबा कोपऱ्यात बसवायला निघाले होते, पण ती हट्टानं पुण्याला जाऊन नर्सिंग शिकली. नोकरी लागल्यावर दर महिन्याला घरी मनीऑर्डर करायची. माझ्या वडिलांचं कॉलेज त्या पैशावर झालं. तरीही लग्नकार्यात ती आली की बायका जरा सरकून बसत. "कुठकुठले हात लागलेले असतात बाई!" असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. मात्र घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, की पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे, तिला कळवा आधी."

मी अकरावी एसएससी झाले तेव्हा मलाही आत्यासारखं व्हायचं होतं. वडील म्हणाले, "घरात एक पुरे." ज्यांचं शिक्षण त्या मनीऑर्डरीवर झालं, त्यांचे हे शब्द. मी गप्प बसले आणि बीएला गेले. शिक्षकीत सुखी झाले, तक्रार नाही. पण ते वाक्य अजून टोचतं.

आत्यानं मला एक गोष्ट एकदाच सांगितली, निवृत्त झाल्यावर. पोटाचं ऑपरेशन होतं. टाके घालायच्या आधी रक्त टिपायचे कपडे, म्हणजे मॉप, मोजायचे असतात. जितके दिले तितके परत आले पाहिजेत. तिनं मोजले, एक कमी. पुन्हा मोजले, तरी एक कमी. तिनं सर्जनना सांगितलं. ते चिडले, "सिस्टर, मोजता येत नाही का तुम्हाला? खाली पडला असेल." आणि टाके घातले. आत्या गप्प राहिली.

तीन आठवड्यांनी ती बाई ताप आणि पोटदुखी घेऊन परत आली. पुन्हा पोट उघडलं, मॉप निघाला. बाई वाचली, पण तीन महिने अंथरुणात काढले, तान्हं पोर घरी होतं. चौकशी झाली. मेमो कुणाला मिळाला असेल? आत्याला. मोजदाद तिची जबाबदारी ना!

मी म्हटलं, "आत्या, तुझी काय चूक?" ती म्हणाली, "चूक मोजण्यात नव्हती गं. गप्प बसण्यात होती." त्यानंतर ती आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हणायची. पुढे एकदा पुन्हा एक मॉप कमी भरला आणि दुसरे एक सर्जन घाई करू लागले, तेव्हा तिनं सुई-दोरा हातातच धरून ठेवला. "सापडल्यावर देते सर." पाच मिनिटं थिएटरमध्ये कुणी बोललं नाही. मॉप आतच होता, सापडला. ते सर्जन जाताना फक्त "बरं केलंत" एवढंच म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' हे पुस्तक वाचलं. लेखक डॉ. अतुल गवांदे, अमेरिकेतले सर्जन, पण वडील मूळचे आपल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी केली, ती त्यांच्या नेतृत्वाखाली. भूल देण्याआधी, चाकू लावण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबायचं. नाव, बाजू, ॲलर्जी, मोजदाद सगळं मोठ्यानं बोलायचं. दिल्लीपासून सिॲटलपर्यंत आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं आणि मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर.

त्या पुस्तकातल्या एका गोष्टीपाशी मी थबकले. ओहायोतल्या मुलांच्या एका रुग्णालयात नर्स चाकूवर पोलादाचं एक छोटं झाकण ठेवी, तंबूसारखं. यादी पूर्ण झाल्याची तिची खात्री पटली, की मगच ती ते उचलणार. तोवर सर्जन कितीही मोठा असो, चाकूला हात नाही. मला आत्याच्या हातातला तो सुई-दोराच दिसला!

नुसत्या यादीनं भागत नाही, हेही खरं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती लागू केली आणि २०१४ मध्ये हिशेब मांडला, तर म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला वाटतं, हे वर्गातल्या हजेरीसारखं आहे. सहलीला जाताना मास्तर नुसत्या टिका मारत गेले, तर एखादा पोरगा देवळामागे राहूनच जातो. नाव उच्चारून समोरच्याची 'हजर' ऐकावी लागते. आणि 'एक कमी आहे' असं शिपायानं सांगितलं, तर मुख्याध्यापकांनाही गाडी थांबवावी लागते. हाताखालच्या माणसाला 'थांबा' म्हणता येणं आणि वरच्यानं ते ऐकणं, हेच शिकायला माणसाला एवढी वर्षं लागली.

ह्यांना दीड तासानं बाहेर आणलं. मग सुरू झालं सिस्टरांचं खरं काम. थोड्या थोड्या वेळानं नाडी, बीपी. "काका, पायाची बोटं हलवा. खोल श्वास घ्या. लघवी झाली का?" रात्री दोन वाजता मी डुलक्या घेत होते, पण ती मुलगी टॉर्च घेऊन आली आणि पट्टी ओली झाली नाही ना ते बघून गेली. घरी निघताना मी तिला नाव विचारलं. चार दिवस 'सिस्टर, सिस्टर' म्हणत होतो, नाव कुणीच विचारलं नव्हतं. गवांद्यांच्या यादीत एक मुद्दा असाही आहे, की सुरुवातीला सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं.

आता एक घरगुती विनंती. आपल्या घराण्याची वंशावळ छापली आहे, मेहनतीचं काम झालंय. पण आत्याच्या नावापुढे त्यात फक्त दोनच शब्द आहेत, 'अल्पवयात वैधव्य'. वंशावळीचं काम पाहणाऱ्या माझ्या भाच्या, हे वाचत असशीलच. पुढची प्रत काढशील तेव्हा तेवढं बदल रे. लिही, 'ऑपरेशन थिएटर सिस्टर, तीस वर्षं'.