ख्रिस्ती देह आणि अग्निसंस्कार

पिंपरी-चिंचवडच्या दाट वस्तीत ख्रिस्ती घरी दहनाचा विषय निघाला, की वडील माणसे ‘हे आपल्यात नाही’ म्हणतात. आम्हांस तेव्हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस निवर्तले. त्यांच्याच इच्छेनुसार देहास अग्नी देऊन अस्थी अहमदनगरास पुरण्यात आल्या. टिळक प्रॉटेस्टंट होते. रोमने मात्र १८८६ साली दहन निषिद्ध ठरविले होते. त्यामागे सिद्धान्तापेक्षा रोष अधिक. कारण युरोपात चर्चविरोधी मंडळीच दहनाचा पुरस्कार करीत. १९६३ साली हा निर्बंध सैल झाला. मृतांस उठविणाऱ्या ईश्वरास राखेची अडचण ती कसली? अस्थी उधळू नयेत, पवित्र स्थळी ठेवाव्यात, एवढे २०१६ साली पुन्हा बजावण्यात आले.