प्रकाशकी विद्यार्थी मंडळ

विद्यापीठातील किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी प्रकाशकी, लेसर, फोटॉनिक्स आणि त्यांना लागणारी उपकरणे यांच्या अभ्यासासाठी व प्रसारासाठी स्वतः चालवलेली संघटना. बोलण्यात तिला ‘क्लब’ किंवा ‘स्टुडंट चॅप्टर’ म्हणतात. यांपैकी बरीच मंडळे एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी संलग्न असतात. १९१६ साली अमेरिकेत स्थापन झालेली आणि २०२१ मध्ये ‘ऑप्टिका’ हे नाव घेतलेली ऑप्टिकल सोसायटी आणि १९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ‘एसपीआयई’ या त्यांतल्या प्रमुख. भारतात ऑप्टिकल सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, आणि कोची येथील इंटरनॅशनल स्कूल ऑफ फोटॉनिक्ससारख्या (१९९५) संस्थांत अशी मंडळे चांगली रुजली आहेत. रचना जवळजवळ सगळीकडे सारखीच असते: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सल्लागार म्हणून एक प्राध्यापक. कामही ठरलेले असते: व्याख्याने, शाळाभेटी, महाविद्यालयाच्या टेक फेस्टमध्ये एक स्टॉल, वर्षाअखेरीस अहवाल. हे सगळे करूनही एखादे मंडळ दोन-तीन वर्षांत कागदावरच उरते आणि दुसरे मात्र दहा-दहा वर्षे टिकते. हा फरक कशाने पडतो, हाच मंडळ चालवण्यातला खरा प्रश्न आहे. प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन असे की, मंडळाचा कणा कार्यक्रमपत्रिका नसून विद्यार्थ्यांच्या ताब्यात असलेले कामाचे टेबल आहे. पैसा, पदे, संलग्नता, प्रसार हे सारे त्या टेबलाभोवती बसवले तर टिकते.

याचे कारण या विषयातच आहे. प्रकाशकीतील सूत्रे फळ्यावर समजतात, पण उपकरण जुळवणे, म्हणजे अलाइनमेंट, हाताने केल्याशिवाय येत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला न्यूटनची वलये, ग्रेटिंग, प्रकाशीय तंतूचे न्यूमेरिकल ॲपर्चर अशी प्रात्यक्षिके असतात. परंतु दोन तासांत पूर्ण तुकडीची वाचने उरकायची असल्याने उपकरण बहुधा आधीच लावून ठेवलेले असते. विद्यार्थी व्हर्नियर वाचतो, जर्नलमध्ये आकडे भरतो, सही घेतो. उपकरण बिघडवण्याची आणि पुन्हा जुळवण्याची संधी त्याला मिळत नाही. मायकेलसनचा इंटरफेरोमीटर सुट्या भागांतून उभा करताना काय होते ते पाहावे. लेसरची शलाका अर्धपारदर्शक काचेवर दुभंगते, दोन आरशांवरून परत येते आणि पडद्यावर दोन ठिपके दिसतात. ते एकावर एक आणून वाटेत भिंग ठेवले की पट्टे दिसायला हवेत. पहिल्या दिवशी बहुधा दिसत नाहीत. ठिपके पडद्यावर जुळलेले असतात, पण शलाका समांतर नसतात. शोध लागतो तो असा: पडदा मागे सरकवला की ठिपके पुन्हा वेगळे होतात. मग स्क्रू केसभर फिरवायचा, थांबायचे, पाहायचे. पट्टे एकदा आले की एका शलाकेखाली तळहात धरला तरी ते वाकतात, कारण तापलेल्या हवेचा अपवर्तनांक बदलतो. शेजारचे दार आपटले की ते पुसले जातात आणि क्षणभराने परत येतात. हेलियम-निऑन लेसरच्या ६३२.८ नॅनोमीटर प्रकाशात आरसा सुमारे ३१६ नॅनोमीटर सरकला की एक पट्टा पुढे जातो. हा आकडा पुस्तकात असतोच, पण टेबलावर त्याला वजन येते. आरसा धरणारा माउंट सैल असणे म्हणजे काय, खोली तापणे म्हणजे काय, कोणती चूक मोजमापात येते आणि कोणती येत नाही, याची जाण इथे तयार होते.

ही जाण हातातून हातात जाते, याला इतिहासात चांगला आधार आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने १८५८ च्या सुमारास आरशाच्या पृष्ठाची कसोटी शोधली. आरशाच्या वक्रताकेंद्राशी बारीक प्रकाशस्रोत ठेवायचा आणि परतणारी शलाका पात्याच्या धारेने कापायची. आरसा गोलीय असेल तर तो सर्वत्र एकसारखा करडा होतो. उंचवटा किंवा खळगा असेल तर तो सावलीसारखा उठून दिसतो. तरंगलांबीच्या छोट्या अंशाइतकी चूक अशा रीतीने साध्या डोळ्याला दिसते. आरशावर अंगठा क्षणभर टेकवला तर त्या उष्णतेने आलेला फुगवटाही दिसतो. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (व्हरमाँट) या यंत्रकारखान्यांच्या गावात रसेल पोर्टर याने १९२० मध्ये तिथल्या कामगारांना कार्बोरंडमने काच घासून दुर्बिणीचे आरसे करायला शिकवले. १९२५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने त्यांची हकिकत छापली आणि हौशी दुर्बीणकारांची चळवळ देशभर पसरली. पोर्टर पुढे पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या कामात सहभागी झाला. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. त्यांची रीतही हीच, प्रत्येकाने स्वतःचा आरसा घासायचा. ही उदाहरणे विद्यापीठीय मंडळांची नाहीत, पण त्यांच्यासाठी मोलाची आहेत: जिथे प्रत्येकाच्या हाती काम होते तिथे संघटना टिकली. आणखी एक उदाहरण कोलकात्याचे. सी. व्ही. रामन १९०७ मध्ये वित्त खात्यात नोकरीला लागले आणि कचेरीच्या आधी व नंतर बहूबाजारातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. १८७६ साली लोकवर्गणीच्या आधाराने उभी राहिलेली ही संस्था त्या वेळी त्यांना उघडी मिळाली. प्राध्यापकपद पुढे १९१७ मध्ये आले आणि रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये.

म्हणून मंडळाच्या व्यवस्थेत पहिला प्रश्न किल्लीचा. प्रयोगशाळा संध्याकाळी लॅब असिस्टंटबरोबर बंद होत असेल तर अध्यक्ष कितीही उत्साही असो, मंडळ व्याख्यानांपुरते उरते. किल्ली विद्यार्थ्यांना द्यायला प्राध्यापक कचरतात, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही: लेसर डोळा कायमचा अधू करू शकतो. दृश्य प्रकाशाचे वर्ग २ चे लेसर एक मिलिवॅटच्या आत असतात. तेवढ्यापासून पापणी मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सहसा वाचवते. वर्ग ३बी आणि ४ पासून वाचवत नाही. बाजारातले स्वस्त हिरवे पॉइंटर तर अधिक फसवे. त्यांत ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने स्फटिक उद्दीपित करून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश मिळवतात आणि दुसऱ्या स्फटिकाने त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतात. अवरक्त रोखणारी गाळणी वगळलेली असली तर न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो आणि त्यापुढे पापणी मिटत नाही. पण यावरून निघणारा निष्कर्ष लेसरला बंदी हा नव्हे. असे पॉइंटर विद्यार्थी वसतिगृहात बाळगतातच. धोका ओळखायला ते शिकतात ते टेबलावरच. मंडळाचे टेबल वर्ग २ पुरते मर्यादित ठेवावे. घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवावे. शलाका बसलेल्याच्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीत नसावी आणि प्रत्येक शलाकेचा शेवट काळ्या अडथळ्यावर व्हावा. एकट्याने काम करू नये, आणि नवा माणूस जुन्याच्या देखरेखीखाली आल्याखेरीज त्याच्या नावावर किल्ली देऊ नये. यापेक्षा शक्तिशाली लेसर लागला तर तो विभागाच्या प्रयोगशाळेत, प्राध्यापकांसमोर, त्या तरंगलांबीसाठीच्या चष्म्यासह. हे नियम लेखी असले की सल्लागार प्राध्यापकालाही सही करणे सोपे जाते.

पैशाचा आक्षेपही नेहमी येतो. हवेवर तरंगणारे ऑप्टिकल टेबल आणि आयात माउंट बहुतेक महाविद्यालयांना परवडत नाहीत, हे खरे आहे. परंतु १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत लॉइड क्रॉस आणि जेरी पेथिक यांनी हवा भरलेल्या ट्यूबांवर वाळूची पेटी ठेवून, भिंगे-आरसे नळ्यांवर चिकटवून त्या नळ्या वाळूत रोवल्या आणि होलोग्राम काढायला शिकवले. होलोग्राम टिपताना सगळी मांडणी तरंगलांबीच्या अंशाइतकी स्थिर राहावी लागते. ती वाळूने राहिली. स्कूटरच्या ट्यूबवर ठेवलेली ग्रॅनाइटची लादी इंटरफेरोमीटरला पुरते. दोन्ही शलाकांची लांबी जवळजवळ सारखी ठेवली तर साधा लाल डायोड लेसरही पट्टे देतो. खर्च होतो तो चांगल्या अर्धपारदर्शक काचेवर आणि बारीक आट्यांच्या स्क्रूंवर, आणि तिथे काटकसर करू नये. स्वस्त काच दोन्ही पृष्ठांवरून परावर्तन देते आणि नवशिक्याला भलतेच ठिपके जुळवायला लावते.

याहून अवघड आहे ती पिढ्यांची गाठ. अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार वर्षे असतो. पहिले वर्ष ओळखीत आणि शेवटचे नोकरीच्या मुलाखतींत जाते. म्हणजे कामाची दोन वर्षे. एवढ्यात दीर्घ काम होत नाही, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातच उत्तर आहे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह २००८ मध्ये सुरू झाला आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ २००७ मध्ये सुरू झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ ने गेला. आरंभ करणारे विद्यार्थी प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन गेले होते. त्या कामांना इस्रोचा आधार होता, हे मान्य; पण आठ-नऊ वर्षे ज्ञान वर्गातून वर्गात उतरवले ते विद्यार्थ्यांनीच. प्रकाशकी मंडळाने यातून घ्यायचे ते असे की, एका वर्षात न संपणारे एक काम हाती असावे: स्वतः घासलेला आरसा, वर्णपटमापक, होलोग्रामची पेटी. पदाधिकारी जूनमध्ये नव्हे तर जानेवारीत निवडावेत, म्हणजे जुने अजून असताना नव्यांना एक सत्र त्यांच्याबरोबर काम करता येते. टेबलाशेजारी एक बांधीव वही असावी आणि तीत काय जमले याआधी काय जमले नाही ते लिहावे: कोणता माउंट तापला की सरकतो, कोणत्या काचेवर ओरखडा कुठे आहे, कोणत्या दुकानदाराने कोणता भाग किती दिवसांत दिला. अनुदानातून घेतलेले सामान ताबडतोब विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवावे. ते न केल्याने भिंगे कोणाच्या तरी खोलीत राहतात आणि तुकडी पास होताना त्यांच्याबरोबर जातात. हे रुक्ष वाटेल, पण मंडळे मरतात ती बहुधा इथेच.

कार्यक्रमांचे काय? व्याख्याने आणि शाळाभेटी कमी लेखण्याचे कारण नाही. संलग्न संस्था त्यासाठीच अनुदान देतात, पाहुणे वक्ते पाठवतात आणि वार्षिक अहवाल मागतात. अडचण अहवालाच्या स्वभावातून येते: कार्यक्रम मोजता येतात, जुळवणीचे कौशल्य मोजता येत नाही, म्हणून मंडळ नकळत मोजता येणाऱ्या गोष्टींकडे झुकते. त्यावर उपाय असा की, कार्यक्रम टेबलावरून निघावेत. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या प्रकाशकी मंडळींनी शाळांसाठी तयार केलेली ‘ऑप्टिक्स सूटकेस’ प्रसिद्ध आहे. तिच्यातील छोटी पाकिटे मुलांना घरी न्यायला मिळतात. मुलाने ध्रुवकांची दोन पाने एकावर एक फिरवली आणि अंधार झाला, मग मध्ये सेलोटेप लावलेली काच सरकवली आणि रंग उमटले, की ‘का?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर मराठीत, सातवीच्या मुलाला पटेल असे, तोच सदस्य देतो ज्याने हे स्वतः करून पाहिले आहे. मे १६ हा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन मेमनच्या १९६० मधील पहिल्या लेसरची आठवण म्हणून २०१८ पासून पाळला जातो. आपल्याकडे तो परीक्षा आणि सुट्टीत येतो. शाळांसाठी २८ फेब्रुवारी, म्हणजे रामन यांच्या शोधाचा विज्ञान दिन, अधिक सोयीचा, आणि तोही प्रकाशाचाच दिवस आहे.

राहिला सर्वांत विचार करायला लावणारा आक्षेप: टेबलाभोवती चार-सहा जण मावतात, शंभर सदस्यांचे मंडळ चालवायचे तर बाकीच्यांनी काय करायचे? इथे अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या वेगवेगळ्या शाखा उपयोगी पडतात. माउंट लेथवर करायला यंत्र शाखेचा विद्यार्थी हवा, फोटोडायोडचा संकेत वाढवून मोजायला इलेक्ट्रॉनिक्सचा, पट्ट्यांच्या चित्रातून विस्थापन काढायला संगणकाचा. भौतिकीच्या विद्यार्थ्याला कळते की चूक कुठून येते. ती कमी कशी करायची हे बाकीचे शोधतात. एकाच शाखेचे मंडळ लवकर आटते, असे मानायला इथे सबळ कारण आहे. तरीही शंभर जणांना काम मिळणार नाही, आणि मंडळाने ते उघड मान्य करावे. वीस काम करणारे सदस्य हे अहवालातल्या शंभर नावांपेक्षा मोठे मंडळ आहे. या कौशल्याला पुढे मागणी नाही, अशी समजूत असेल तर हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ इथल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या प्रकल्पाकडे पाहावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. आयुका ही त्यातील एक भागीदार संस्था आहे. तिथले उपकरण चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचा, मायकेलसनच्याच तत्त्वावरचा इंटरफेरोमीटर असेल. शलाका समांतर आहेत की नुसते ठिपके जुळले आहेत, हा प्रश्न तिथेही जुळवणी करणाऱ्यापुढे येणार आहे.