भाऊबीजेची पावती

लोकवर्गणीचा इतिहास लिहिताना आपण देणग्यांचे आकडे मोजतो. वर्गणी कोणत्या दिवशी मागितली, याकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक मागणाऱ्याचे निम्मे यश त्या दिवसात असते.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत, १९०८ साली, पणजीला मराठी शिक्षणासाठी ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची ही कल्पना. त्याला सणाची वाट पाहावी लागत नव्हती. चुलीवर आधण ठेवण्याची वेळ हीच वर्गणीची वेळ. हिंगण्याच्या संस्थेने मात्र वर्षातला एकच दिवस धरला, आणि तो फार विचाराने धरला.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा ते स्वतःच बहिष्कृत होते. १८९३ साली विधवेशी विवाह केला म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले होते. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला, तोही गावापासून दूर, माळावर. अशा माणसाने विधवांच्या शिक्षणासाठी दारोदार हात पसरायचा! कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. १९१८ साली त्या अमेरिकेलाही गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या.

पुढे संस्थेने दिवाळीत ‘भाऊबीज निधी’ मागायला सुरुवात केली. यातली खुबी नीट पाहावी. केशवपन झालेल्या बाईला मंगल प्रसंगी कोणी पुढे येऊ देत नसे. तिच्यासाठी भाऊबीज मागणे म्हणजे देणाऱ्याला दाता न ठरवता भाऊ ठरवणे. सुधारणा मान्य आहे की नाही, हा वादच त्या दिवशी उंबऱ्याबाहेर राही. ओवाळणीची रक्कम लहान असली तरी चालते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागितली तर कोणी ‘पुन्हा कशाला?’ म्हणत नाही, कारण भाऊबीज दरवर्षी येतेच.

मोठ्या देणगीची रीत निराळी. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. तिचे साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२,५०० रुपये व्याज. देणगी उदार होती यात शंका नाही, पण तिच्यासोबत अटी आल्या. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले, ते आजही आहे. ओवाळणी टाकणाऱ्या भावाने कधी अट घातल्याचे ऐकिवात नाही.

आम्हा शाळामास्तरांच्या वाट्याला ७ डिसेंबरचा ध्वजदिन येतो. १९४९ पासूनचा हा उपक्रम, हेतू निःसंशय थोर. पण छोटे ध्वज वर्गात वाटले जातात, मुले पैसे आणतात, आणि ‘हे कशाचे?’ असे विचारल्यावर निम्मा वर्ग गप्प बसतो. तारीख सरकारने नेमलेली. घरात त्या दिवशी वेगळे काहीच घडत नाही. भाऊबीज काय आहे, हे पहिलीतल्या पोरालाही शिकवावे लागत नाही.