जुनी गाडी द्यायची कोणाला? घोडेबाजारापासून ‘एक्स्चेंज’पर्यंत

१/ दारावर आलेल्या बोहारणीशी होणारा व्यवहार आठवून पाहावा. चार जुन्या साड्यांच्या बदल्यात एक पातेले. साड्यांची किंमत कोणी सांगत नाही, पातेल्याचीही नाही. ‘आणखी एक शर्ट टाका’ एवढ्यावर घासाघीस चालते. विसाव्या शतकात अमेरिकेचा मोटारबाजार वाढला तो याच पद्धतीच्या आधाराने. जुनी गाडी विक्रेत्याला देऊन नवी घ्यावी, की स्वतः गिऱ्हाईक शोधून विकावी, या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२/ मोटारीच्या आधी घोडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मोठ्या दुकानांत ‘एकच भाव’ रूढ होऊ लागला. फिलाडेल्फियाचे जॉन वानामेकर हे त्या पद्धतीचे प्रसिद्ध पुरस्कर्ते. घोड्याला मात्र असा भाव लावता येईना. प्रत्येक जनावर वेगळे आणि त्याची खोड फक्त मालकाला ठाऊक. दात कानशीने घासून वय लपवण्याची विद्याही होतीच. मराठीत राजकारणाच्या संदर्भात वापरला जाणारा ‘घोडेबाजार’ हा शब्द याच अविश्वासाची आठवण करून देतो.

३/ १९०८ मध्ये हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ सुमारे ८५० डॉलरला बाजारात आली. १९२० च्या दशकाच्या मध्यास तिची किंमत ३०० डॉलरच्या खाली उतरली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. भाव कारखान्याने ठरवलेला आणि बहुतेक ग्राहक आयुष्यातील पहिलीच गाडी घेणारे. त्यांच्याकडे देण्यासाठी जुनी गाडी नव्हतीच, त्यामुळे घासाघिशीला फारसा वावही नव्हता.

४/ पण ज्याला परवडत होती त्याच्याकडे गाडी आली, तेव्हा नवी गाडी विकायची कोणाला? जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी नंतर लिहिलेल्या आत्मकथनात या काळात बाजार पालटणारी चार कारणे नोंदवली : हप्त्यांवर विक्री, जुन्या गाडीची अदलाबदल, बंद छताची गाडी आणि दरवर्षी नवे मॉडेल. चारही कारणे एकमेकांत गुंतलेली होती. जुनी गाडी हा पहिला हप्ता ठरू लागला आणि दरवर्षीच्या नव्या मॉडेलने कालची गाडी आज जुनी दिसू लागली.

५/ याचा फटका फोर्डना बसला. नव्या ‘मॉडेल टी’च्या किमतीत अधिक सोयीची, दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी मिळू लागली. म्हणजे सर्वांत स्वस्त नव्या गाडीची स्पर्धक ठरली ती जुनी गाडी. फोर्ड यांनी १९२३ मध्ये आधी दर आठवड्याला थोडे पैसे साठवून मग गाडी घेण्याची योजना आणली. पण लोकांना गाडी आधी हवी होती. मे १९२७ मध्ये ‘मॉडेल टी’चे उत्पादन थांबले.

६/ अदलाबदलीतली खरी मेख समजून घेण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. नवी गाडी ८०० डॉलरची आणि कारखान्याचा भाव ठरलेला. ग्राहकाची जुनी गाडी बाजारात २०० ची. विक्रेता तिचे २७५ देऊ करतो. ग्राहक खूश होतो. प्रत्यक्षात जुन्या गाडीची किंमत ७५ ने वाढलेली नसते, नव्या गाडीवर ७५ ची सूट मिळालेली असते. ठरलेला भाव मोडायचा, पण मोडल्याचे दिसू द्यायचे नाही, हे या पद्धतीचे गुपित.

७/ ही सूट बहुधा विक्रेत्याच्या खिशातून जाई. कारखाने ठरावीक संख्येने नव्या गाड्या त्याच्या गळ्यात मारत. त्या खपवायच्या तर जुन्या चढ्या भावाने घ्याव्या लागत, आणि नव्या गाडीवर मिळालेला नफा अंगणात गंजत पडलेल्या जुन्या गाड्यांत अडकून बसे. १९३० च्या सुमारास कारखाने स्वतःच जुन्या गाड्या मोडीत काढण्यासाठी पैसे देऊ लागले. डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या रूज कारखान्यात गाड्या जोडल्या जात, तशा त्या सुट्या करण्याचीही रांग उभी राहिली.

८/ मग जुन्या गाडीचा रास्त भाव ठरवायचा कोणी? लॉस एंजेलिसमधील गाड्यांचे व्यापारी लेस केली आपण कोणती गाडी किती रकमेला विकत घेऊ याची यादी इतर व्यापाऱ्यांना आणि बँकांना पाठवत असत. १९२६ मध्ये तिचे ‘ब्लू बुक’ झाले. पुढे अनेक दशके हे पुस्तक प्रामुख्याने व्यापाऱ्यांच्याच हाती होते. सौदा करताना एका पक्षाला भाव ठाऊक असे आणि दुसऱ्याला नसे.

९/ महामंदीत सरकारने हस्तक्षेप केला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या औद्योगिक पुनरुत्थान कायद्याखाली मोटारविक्रीसाठी नियम झाले. विक्रेत्याने जुन्या गाडीचे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत, असे बंधन आले. विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेची अधिकृत भावपुस्तिकाही १९३३ मधलीच. मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमावल्यांचा आधारच घटनाबाह्य ठरवला आणि चढाओढ पुन्हा मोकळी झाली.

१०/ दुसऱ्या महायुद्धानंतर हाच डाव उलटा पडला. विक्रेते नव्या गाडीचा भाव आधीच फुगवून सांगत आणि मग जुन्या गाडीची ‘घसघशीत’ किंमत देत. उदार दिसणारा आकडा ग्राहकाच्याच पैशांतून येत होता. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी यावर कायदा आणला. १९५८ पासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेली किंमत चिकटवणे बंधनकारक झाले. ती चिठ्ठी आजही ‘मन्रोनी’ याच नावाने ओळखली जाते.

११/ एवढे छक्केपंजे असताना प्रत्येकाने स्वतःच गाडी का विकली नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांच्या १९७० च्या निबंधात सापडते. खराब गाडीला अमेरिकेत ‘लिंबू’ म्हणतात. समोरची गाडी लिंबू आहे की नाही, हे ग्राहकाला कळत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही. चांगल्या गाड्या बाजारातून निघतात, सरासरी आणखी घसरते आणि अखेर प्रामाणिक माणसाचेच नुकसान होते.

१२/ तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. निबंधात भारतीय खेड्यातील सावकाराचेही उदाहरण आहे : कर्ज कोण फेडेल हे त्याला ठाऊक असते, बाहेरच्याला नसते. पत आणि हमी हे या अज्ञानावरचे उपाय. विक्रेता जुन्या गाडीचे कमी पैसे देतो, त्यात नफा असतोच, पण पुढे निघणाऱ्या दोषांची जोखीम उचलण्याचा मोबदलाही असतो. खासगी विक्रीत तो मोबदला मालकाकडे राहतो. गिऱ्हाइकाचा संशय दूर करण्याचे कष्टही मग त्यालाच पडतात.

१३/ अमेरिकेत करानेही पारडे झुकवले. बहुतेक राज्यांत अदलाबदल केल्यास विक्रीकर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. कॅलिफोर्निया हा ठळक अपवाद. समजा, गाडी ३०,००० डॉलरची, जुनीचे १०,००० मिळाले आणि कर ६ टक्के. कर २०,००० वर बसला, ६०० डॉलर वाचले. म्हणजे स्वतः विकून १०,६०० मिळाले, तरच दोन्ही मार्ग सारखे ठरतात.

१४/ भारतात अनेक दशके हा प्रश्न उलटाच होता. परवाना-राजच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट किंवा हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. हाती असलेली गाडी कधी नवीच्या अधिकृत किमतीहूनही जास्त भावाने जाई. ग्राहकच रांगेत उभा असल्यावर त्याला जुन्या गाडीचे आमिष कोण दाखवणार? नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, पर्याय वाढले आणि ‘एक्स्चेंज’ आले. मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केले ते २००१ मध्ये.

१५/ इथल्या खासगी विक्रीत आणखी एक जोखीम आहे. नमुना २९ आणि ३० भरून आरटीओच्या नोंदीत नाव बदलले नाही, तर गाडी विकूनही मालकी संपत नाही. गाडी अनेक हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीतील मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. घोडा दुसऱ्याच्या दावणीला बांधला की व्यवहार संपत असे. मोटार कागदावर मागे उरते.

१६/ ब्लू बुक, १९३३ चे नियम, काचेवरची चिठ्ठी : शंभर वर्षांतील या प्रत्येक उपायाने एकच गोष्ट साधायचा प्रयत्न केला. एकात मिसळलेल्या दोन किमती वेगळ्या करून दाखवणे. जुनी गाडी विक्रेत्याला देणे ही फसवणूक नव्हे आणि स्वतः विकणे हे शहाणपणच असेही नव्हे. एकात जोखमीचा मोबदला द्यावा लागतो, दुसऱ्यात जोखीम स्वतः वाहावी लागते. साड्यांची किंमत आणि पातेल्याची किंमत वेगवेगळी ठाऊक असेल, तर बोहारणीशी केलेला सौदाही खुशीचा होतो.