बऱ्हाणपूरचे बंदर आणि गोव्याचा कागद

वास्को स्थानकावर गाडीत बसले की खिडकीतून मुरगांव बंदराच्या क्रेनी दिसतात. समुद्राच्या कुशीतून निघालेली ती गाडी दूधसागर ओलांडून घाटावर चढते, पुणे-मनमाड करत भुसावळ मागे टाकते आणि तापी ओलांडून बऱ्हाणपूरला थांबते. हे स्थानक शहरात नाही, शहराबाहेरच्या लालबागेत आहे. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आजूबाजूला केळीच्या बागा, मागे सातपुडा. तरीही मला आज बंदराबद्दल लिहायचे आहे, आणि तेही या लालबागेत उभे राहून. वाचकांनी थोडा धीर धरावा.

मी गेलो होतो कुंडी भंडारा पाहायला. लालबाग हा मोगल काळातला बाग. त्याच्या परिसरात जमिनीखाली पाण्याचा एक बोगदा आहे. सातपुड्यात मुरणारे पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत जाते, ते वाटेतच अडवून, एका ओळीत विहिरी खोदून, त्या विहिरी तळाशी बोगद्याने जोडून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलेले. ना मोट, ना रहाट. आज तिथे खाली उतरायला लिफ्ट आहे. साधारण ऐंशी फूट खाली गेलो. घोट्याच्या वरपर्यंत थंडगार पाणी, आणि भिंतींवर चुन्याचा पांढरा थर साचलेला. 'कुंडी'चे लोकांच्या तोंडी 'खुनी' झाले म्हणतात. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२४ साली त्याचे नाव गेले तेही 'खुनी भंडारा' म्हणूनच! बांधकामाचे साल सांगतात १६१५, आणि बांधवून घेणारा अब्दुर्रहीम खानखाना. तोच दोहे लिहिणारा रहीम.

लिफ्टपाशी एक वयस्क गृहस्थ भेटले. बोलणे मराठीत, खानदेशी वळणाचे. (बऱ्हाणपुरात मराठी घरोघर आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.) कुठले म्हणून विचारले. गोव्याचा म्हटल्यावर हसून म्हणाले, "म्हणजे भाऊ, तुम्ही समुद्रवाले. आमची तापीही तुमच्याकडंच जाते, सुरतेला." सुरत म्हणजे 'तुमच्याकडे' ही भूगोलाची गल्लत मी दुरुस्त केली नाही. कारण विचार करता ती गल्लत नव्हतीच. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातून कोणते जहाज निघावे, कुठे जावे आणि काय न्यावे, हे निदान कागदावर तरी आमच्या गोव्यात ठरत असे.

बऱ्हाणपूर तेव्हा दख्खनच्या मोगल सुभ्याचे ठाणे होते, आणि कापडाची मोठी पेठ. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला. इथले तलम सुती कापड, फुलांची छपाई असलेले, जरीच्या काठांचे, इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, एवढेच काय मस्कोव्ही आणि पोलंडपर्यंत जाते असे त्याने नोंदवले आहे. सुरत ते बऱ्हाणपूर अंतर त्याने १३२ कोस दिले आहे. वाटेत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. आपल्या खानदेशातली ओळखीची गावे! म्हणजे बैलांच्या तांड्यांवर लादलेले गाठोडे या गावांतून हिंदकळत सुरतेला पोचे. बऱ्हाणपूरला बंदर होते, ते असे १३२ कोसांवर.

आणि सुरतेचे बंदर तरी काय होते? नदीकाठचे. तापीच्या मुखाशी वाळूचा दांडा, त्यामुळे मोठी भरलेली जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती उत्तरेला सुवाळीच्या खोलगटीत नांगर टाकून उभी राहत. तिथून माल होड्यांत किंवा बैलगाड्यांत भरून शहरात न्यायचा. शहरात नदीकाठी फुरजा, म्हणजे जकातघर. तिथे गाठोडे उघडायचे, माल मोजायचा, अधिकारी सांगेल ती किंमत धरून शेकडा अडीच-साडेतीनच्या आसपास जकात भरायची. किमतीवरून रोज हुज्जत. उतारूंची अंगझडती इतकी कसून होई की युरोपीय प्रवाशांनी तिच्याविषयी कटकट करून ठेवली आहे. वर शाहबंदर, त्याच्याही वर बंदराचा मुत्सद्दी. जहाजावर नाखुदा, वाट दाखवणारा मुअल्लिम, मग सारंग, तांडेल, खलाशी. यातले निम्मे शब्द आमच्या बेतूल-शापोऱ्यात आजही कानावर पडतात.

सगळ्यात मोठा नियम मात्र कोणा बादशहाचा नव्हता, वाऱ्याचा होता. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे मार्चच्या सुमारास सुटत आणि पावसाळा उलटता उलटता, ऑगस्ट-सप्टेंबरात परत येत. एकदा वेळ चुकली की वर्ष गेले. 'मान्सून' हा शब्दच मुळी अरबी 'मौसम', त्याचा पोर्तुगीज 'मोंसांव' होऊन इंग्रजीत गेलेला. गोव्यात आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. माझे मामा खनिजाच्या बार्जीवर तांडेल होते. जून उजाडला की आग्वादचे मुख बंद, मांडवीतून बाहेर पडायचे नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचे आणि मुरगांव गाठायचे. "आग्वादीक कोणाचीच चिठी चालना," असे मामा म्हणत. व्हाइसरॉयची आरमारेही पावसाळ्यात मुरगांवचाच आसरा घेत. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांनीही आज्ञापत्रात दर्याचा हा हुकूम मानलेला आहे: समुद्र बंद होण्याआधी दहा-पंधरा दिवस आरमार छावणीस आणावे आणि दरसाल एकाच बंदरात ठेवू नये, नाहीतर तिथल्या रयतेला उपद्रव होतो. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे मालकाच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, हे तर सर्वांनाच पाठ असते. छावणीचे कलम मात्र कोणी सांगत नाही, आणि मला तेच अधिक शहाणपणाचे वाटते.

वाऱ्याच्या नियमाला कोणी हरकत घेत नव्हते. भांडण होते ते दुसऱ्या नियमाचे.

पोर्तुगीज हिंदी महासागरात आले आणि पहिल्या काही वर्षांतच त्यांनी एक नवी गोष्ट जाहीर केली: आमच्या परवान्याशिवाय या समुद्रात जहाज चालणार नाही. हा परवाना म्हणजे कार्ताझ. शब्द अरबी 'किर्तास'वरून आला, अर्थ नुसता 'कागद'. या कागदावर जहाजाचे नाव, नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, माणसे किती, तोफा-हत्यारे किती, कुठून कुठे जाणार हे सगळे लिहिलेले असे. मग निषेधांची यादी: मिरी, दालचिनी यांसारखे मसाले नेऊ नयेत, लोखंड-तांबे नेऊ नये, जहाजबांधणीचे लाकूड नेऊ नये, तुर्कांना चढवू नये. कागदाची फी फारशी नसे. खरी मेख पुढे होती. जाताना आणि येताना पोर्तुगीज ठाण्यावर, गुजरातच्या जहाजांनी बहुधा दीवला, थांबून जकात भरायची. म्हणजे फुरज्यावर एकदा आणि दीवला पुन्हा. कागद नसेल, किंवा कागदात लिहिलेल्यापेक्षा वेगळे काही सापडले, तर जहाज मालासकट जप्त.

आपल्या पणजीच्या पुराभिलेखागारात या कार्ताझांच्या नोंदवह्या आहेत. १५९५ साली दियोगु दु कौतुने ज्या दफ्तराची सुरुवात केली आणि ज्याची पुढे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर सेवा केली, तेच हे दफ्तर. निजामशाही, आदिलशाही यांना तहाप्रमाणे दरसाल काही कार्ताझ मोफत मिळत, आणि ते 'मिळणे' हीच दरबारी मानाची बाब होऊन बसली होती. आपल्याच किनाऱ्यावरून आपलेच जहाज सोडण्याची परवानगी मिळाली म्हणून मान! पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच डाव उलटवला आणि आपले दस्तक न घेणारी जहाजे धरायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रज-पोर्तुगीजांनी त्याला चाचेगिरी म्हटले.

मोगलांची गंमत अशी की जमिनीवर ते सर्वशक्तिमान आणि किनाऱ्यावर पाय भिजला की अर्जदार. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली १५७५ साली, पण परवान्याच्या घोळात सुरतेला जवळजवळ वर्षभर अडकली. जहाज सुटले १५७६ साली. बदायुनीने आणखी एक मासला दिला आहे. एका बड्या उलेमाने फतवा दिला की हजला जाणे आता बंधनकारक नाही, कारण खुष्कीची वाट शियांच्या मुलखातून जाते आणि समुद्राच्या वाटेने जायचे तर फिरंग्यांचा तो कागद घ्यावा लागतो, ज्यावर मरियम आणि येशूची चित्रे असतात. असा कागद बाळगणे म्हणजे मूर्तिपूजाच. एका सरकारी परवान्यामुळे धर्मकर्तव्यच स्थगित होण्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता १६१३. सप्टेंबरात तांबड्या समुद्राकडून 'रहीमी' नावाचे प्रचंड जहाज सुरतेजवळ आले. मालकीण खुद्द जहांगीर बादशहाची आई, मरियम-उझ-झमानी. जहाजावर सुमारे सातशे माणसे, त्यांत हज करून परतणारे यात्रेकरू, आणि भरपूर मालमत्ता. कार्ताझ होता. रीतसर, पोर्तुगिजांनीच दिलेला. तरीही पोर्तुगिजांनी ते पकडले आणि माणसांसकट गोव्याला आणले. कारण कागदातले नव्हतेच. आदल्या वर्षी सुवाळीला इंग्रजांशी झालेल्या झटापटीत पोर्तुगिजांची नाचक्की झाली होती आणि मोगल अधिकारी इंग्रजांना वखारीसाठी जवळ करू लागले होते, त्याचा हा राग. व्हाइसरॉय होता दों जेरोनिमु द आझेवेदु. मेरीचे नाव उपाधी म्हणून मिरवणाऱ्या राजमातेचे जहाज मेरीच्या चित्राचा कागद जवळ असताना धरले गेले.

(इथे एक खुलासा. नावावरून 'रहीमी' हे अब्दुर्रहीम खानखानाचेच जहाज असे काही जण समजतात. त्याचीही यात्रेकरूंना नेणारी जहाजे होती आणि त्यांतल्या एकाचे नाव 'रहीमी' दिले जाते, त्यामुळे घोटाळा होतो. पकडले गेले ते राजमातेचे.)

जहांगीर खवळला. आग्र्यातले जेझुइटांचे चर्च बंद झाले, पाद्र्यांचे वेतन थांबले, मुकर्रबखानाला दमणला वेढा घालायला पाठवले. पण गलबते कुठे होती? जमिनीवरून समुद्र जिंकता येत नाही. म्हणून मोगल अधिकाऱ्यांनी सुवाळीत नांगरून असलेल्या इंग्रजांकडे पाहिले. १६१५ च्या आरंभी खुद्द आझेवेदु आरमार घेऊन सुवाळीवर चालून आला, इंग्रज कप्तान डाऊंटनपुढे त्याचे काही चालले नाही. जूनमध्ये मोगल-पोर्तुगीज तहाची कलमे ठरली, पण पोर्तुगिजांचा दरारा गेला तो गेलाच. सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला, आणि नोव्हेंबरात, नंदुरबारच्या त्याच वाटेने, बऱ्हाणपुरात दाखल झाला. शाहजादा परवेझ सुभेदार होता, खरी सत्ता खानखानाकडे होती. परवेझने इंग्रजांना बऱ्हाणपुरात वखार घालायची परवानगी दिली.

म्हणजे पाहा, तेच १६१५. लालबागेत विहिरी खोदल्या जात होत्या त्याच वर्षी.

त्या बोगद्यात उभा असताना हे सारे डोक्यात फिरत होते. गोव्यात आपण कार्ताझाविषयी वाचतो ते नेहमी देणाऱ्याच्या बाजूने. पोर्तुगीज दर्यासत्तेचा प्रताप म्हणून कोणी वाचतो, जुलूम म्हणून कोणी. पण दोन्ही वेळा आपण मांडवीच्या धक्क्यावर उभे असतो. घेणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे इथून, ते कसे दिसत असेल? ज्या विणकराने समुद्र आयुष्यात पाहिला नाही, त्याचे जरीकाठी कापड मोखा बंदरात विकले जाणार की गोव्यात जप्तीच्या मालात पडणार, हे त्याला कधी कळे? पुढच्या मौसमापर्यंत तर नाहीच. आणि कागद खरा असूनही जहाज गेले, हे त्याला कोणी आणि काय म्हणून समजावले असेल? 'रहीमी'वरच्या सातशे माणसांना गोव्याच्या धक्क्यावर उतरवले तेव्हा तिथे आपल्यासारखेच कोणी पाहत उभे असतील. आमच्या शाळेच्या इतिहासात हे जहाज नव्हते. बऱ्हाणपूरच्या त्या गृहस्थांनाही ते ठाऊक नव्हते, पण खानखाना ठाऊक होता, आणि त्याचे पाणी.

वर आल्यावर त्यांना मी ही गोष्ट थोडक्यात सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, मग विचारले, "मग त्या बाईंना जहाज परत मिळालं का?"

नाही म्हणालो.

"आणि कागद तर तुमच्याच गावचा!"

यावर मी काय बोलणार? ते मात्र खळखळून हसले आणि मला चौकातल्या दुकानात घेऊन गेले. मावा जिलबी आणि दराबा. पैसे देऊ म्हटले तर देऊ देईनात. "आमच्या गावात तुमची जकात नाही," म्हणाले. परतीची गाडी रात्री होती. स्थानकावर वास्कोची पाटी लावलेले डबे आले तेव्हा दराब्याचा पुडा अजून हातातच होता.