खाऱ्या सरोवराच्या तळाचे दफ्तर

इतिहास म्हटला की आपण बखरी, सनदा, जमाखर्चाच्या वह्या शोधू लागतो. परंतु कारखान्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडले, याची वही कोण ठेवणार? मालक ठेवीत नाही, आणि मजुराजवळ ती ठेवायला कागद नसतो. अशा एका न लिहिलेल्या वहीची हकीकत मी आज सांगणार आहे.

अमेरिकेतील युटा राज्यात 'ग्रेट सॉल्ट लेक' नावाचे अफाट खारे सरोवर आहे. नद्या त्यात येऊन मिळतात, बाहेर मात्र एकही पडत नाही. आपल्या लोणारचेही तसेच. पाणी उन्हाने उडून जाते, मीठ मागे राहते, आणि नद्यांनी व वाऱ्याने आणलेला गाळ तळाशी बसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी सॉल्ट लेक शहराच्या दक्षिणेस धातू गाळण्याच्या भट्ट्या धडाक्याने चालत होत्या. त्यांच्या गंधकी धुराने पिके करपू लागली, तेव्हा शेतकरी कोर्टात गेले आणि १९०६ साली न्यायाधीश मार्शल यांनी मनाईहुकूम दिला. काही भट्ट्या बंद पडल्या. पण त्याच सुमारास सरोवराच्या दक्षिण काठावर गारफील्ड येथे नवी मोठी भट्टी पेटली. धुराने जागा बदलली, एवढेच! या भट्टीला तांबे पुरवणाऱ्या बिंगहॅमच्या खाणीत १९१२ साली मोठा संप झाला. ग्रीक, इटालियन, जपानी असे नाना देशींचे मजूर त्यात होते. पगारवाढ आणि युनियनची मान्यता या मागण्या होत्याच. शिवाय ग्रीक मजुरांना लिओनिदास स्क्लिरिस हा कामाला लावण्याबद्दल पैसे उकळणारा माणूस नको होता. मुंबईच्या गिरण्यांतला दस्तुरी खाणारा जॉबर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्क्लिरिस वेगळा समजावून सांगायला नको. तो गेला, युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही.

आता त्या धुराचा हिशेब कसा काढतात ते पाहू. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू सतत हवेत येत असतो. तो थोड्या दिवसांत विघटित होऊन अखेर त्याचे किरणोत्सर्गी शिसे होते. शास्त्रज्ञ त्याला शिसे-२१० म्हणतात. ते पावसाबरोबर व धुळीबरोबर खाली येऊन गाळात बसते आणि सुमारे बावीस वर्षांत निम्मे होते, पुढच्या बावीस वर्षांत पाव. तळात नळी खुपसून गाळाचा उभा स्तंभ काढायचा, त्याच्या चकत्या पाडायच्या आणि प्रत्येक चकतीत हे शिसे किती उरले ते मोजायचे. गाळातल्या रेडियमपासून तेथेच तयार होणारे शिसे त्यातून वजा करावे लागते. अशा रीतीने शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचा गाळ सालवार लावता येतो. भट्टीचे साधे शिसे निराळे. किरणोत्सर्गी शिसे हे घड्याळ, भट्टीचे शिसे हा मुद्देमाल.

ही युक्ती एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९६३ साली मांडली. सरोवरांच्या गाळाला ती १९७१ साली लावून दाखवली ती कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी, फ्रेंच सहकाऱ्यांसह. हे दोघेही त्या वेळी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. गिरणगावापासून चार-सहा मैलांवर हे काम झाले, हे सांगताना मला बरे वाटते.

घड्याळ बरोबर चालते की नाही, याला दुसरा साक्षीदार आहे: सीझियम-१३७. ते निसर्गातले नव्हे, अणुस्फोटांतले. पलीकडच्या नेवाडा राज्यात १९५१ पासून स्फोट होऊ लागले आणि त्यांची धूळ युटातील माणसांच्या अंगावर पडली. १९६१-६२ मध्ये रशिया व अमेरिका यांनी प्रचंड स्फोट केले. १९६३ साली हवेतील स्फोटांना बंदी घालणारा करार झाला. त्यामुळे गाळात सीझियमचा कळस १९६३ च्या आसपासच्या थरात सापडतो.

खाऱ्या सरोवरात मात्र हे काम सोपे नाही. गाळ वाळवला की त्यातल्या पाण्याचे मीठ मागे राहून वजनात भरते. ते वजा केले नाही तर गाळ आहे त्याहून अधिक साचला असे दिसेल. दाट खारवणात सीझियमची गाळावरची पकड सैल होऊन ते जागचे हलू शकते. शिवाय हे सरोवर उथळ आहे, वादळात तळही ढवळून निघतो. म्हणून जाणता संशोधक एका साक्षीवर निकाल देत नाही. एवढी काळजी घेऊन लावलेल्या थरांत शिसे, तांबे, आर्सेनिक यांचे प्रमाण खाणी-भट्ट्यांच्या काळात चढत जाते, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कळसाला पोचते आणि पुढे उतरते.

हे सारे पाण्याखाली होते तोवर ते दफ्तर होते. नद्यांचे पाणी शेतीला व शहरांना वळवले गेले, पाऊस ओढला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सरोवराने १८४७ पासूनच्या नोंदींतली सर्वांत खालची पातळी गाठली. शेकडो चौरस मैलांचा तळ उघडा पडला. आता वारा सुटला की त्या तळाची धूळ उठते, तिच्यात आर्सेनिक असते, आणि युटातील बहुसंख्य माणसे राहतात ती शहरे सरोवराच्या पूर्वेला व दक्षिणेलाच आहेत.