चेलोचा गज : लाकूड, हात आणि बल

चेलो नुकताच हाती घेतलेल्याच्या गजाखालून आधी सूर निघत नाही. निघते ती किरकिर, नाहीतर पातळ शिट्टी. 'सरावाने येईल' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. गज नीट कसा ओढावा हे कळायला पिढ्या गेल्या, आणि त्यातला एक टप्पा कलकत्त्यात पार पडला.

सतराव्या शतकातील गज धनुष्यासारखा बाहेर वाकलेला असे. काही वादक तो सारंगियाप्रमाणे तळहात वर ठेवून धरीत, काही वरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रांस्वा तुर्तने (शिक्षण घड्याळजीचे!) ब्राझीलचे पर्नांबुको लाकूड तापवून काठी उलटी, केसांच्या बाजूला वाकवली. मुठीपासून टोकापर्यंत दाब टिकवणे त्यामुळे सोपे झाले. १८०६ च्या सुमारास जाँ-लुई द्युपोरने बोटे आणि गजाची चाल यांवर ग्रंथ लिहिला.

हात मात्र जखडलेलाच राहिला. बार्सिलोनात शिकणाऱ्या पाब्लो कासाल्सच्या (१८७६–१९७३) काळी काखेत पुस्तक दाबून वाजवायला लावत, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राही. त्याने ते झुगारून दंड मोकळा केला.

तो बरोबर का होता, हे यंत्रशास्त्र सांगते. राळ लावलेले केस तारेला धरून ओढतात, तार सुटते, पुन्हा धरली जाते. चेलोच्या सर्वांत खर्जाच्या तारेवर हे सेकंदाला सुमारे ६५ वेळा घडते. तारेची ही गती हेल्महोल्ट्झने १८६३ च्या ग्रंथात मांडली. सी. व्ही. रामन यांनी १९१८ मध्ये तिचा सविस्तर सिद्धांत दिला, आणि पुढे गज स्थिर ठेवून व्हायोलिनच सरकवणारे यंत्र बांधून दाब मोजला. (सरकारी नोकरी सोडून नुकतेच प्राध्यापक झालेल्या माणसाचे हे काम, मला ते त्यांच्या प्रकाशाच्या कामाइतकेच देखणे वाटते.) १९७३ मध्ये बेल लॅबचे अभियंते आणि हौशी चेलोवादक जॉन शेलेंग यांनी दाबाच्या दोन्ही मर्यादा एका आलेखात आणल्या.

तो आलेख नीट समजून घ्या. गज आणि घोडी यांतले अंतर निम्मे केले, की लागणारा किमान दाब चौपट होतो, पण चालणारा कमाल दाब दुप्पटच. म्हणजे घोडीजवळ मोकळीक कमी. दाब किमानाखाली गेला की शिट्टी, कमालीवर गेला की किरकिर. गजाचा वेग वाढवला तर दोन्ही मर्यादा त्याच प्रमाणात वर सरकतात.

आता कोपर बांधून गज ओढून पाहा. हात कंसात फिरतो, गज तिरपा होतो, घोडीपासूनचे अंतर सतत बदलते आणि एकच दाब अर्ध्या वाटेत चुकीचा ठरतो. म्हणून नवशिक्याने घोडीपासून जरा दूर, मोकळ्या तारेवर, सावकाश आणि गज तारेशी काटकोनात ठेवून वाजवावे. कोपर व मनगट त्यासाठी हवे तसे हलू द्यावे. वाजवून झाल्यावर तारेवरची राळेची पांढरी पूड पाहा. पट्टा अरुंद असेल तर गज जागेवर होता. रुंद असेल तर किती सरकला, ते तिथेच मोजता येईल.